वहिनीची उन्हाळी

लघवीला आग व्हायला लागली की आमच्याकडे उन्हाळी लागली म्हणतात. रात्री धने भिजत घालायचे, सकाळी ते पाणी प्यायचं, पायाच्या अंगठ्यांना चुना लावायचा आणि कामाला लागायचं. याला कुणी आजार म्हणत नाही. माझी वहिनी याच आजारानं गेली. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं, कारण ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी थोडं हसू येतं आणि मग तो ते आवरतो. ते आवरणं मला बघवत नाही.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. आईवडील मला फारसे आठवत नाहीत. दादा होता आणि मी होते. दादाचं लग्न झालं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, वहिनी सतरा-अठराची असेल. उंच होती, दादापेक्षा दोन बोटं जास्तच, आणि ते ती लपवत नसे. बायका लग्नात वाकून चालतात तशी ती चालली नाही, म्हणून आमच्या भावकीत बरीच चर्चा झाली होती. तोंडाची फटकळ. सकाळी मिश्री लावून होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, दादानंही नाही.

तिला अक्षरओळख नव्हती. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं ठरत होतं. चुलते येऊन बसले होते. ती चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "तिला शिकू द्या. शेन काढायला मी हाय घरात." एवढंच बोलली आणि भाकरी उलटली. चुलते चहा न पिता गेले. मी मॅट्रिक झाले. मग नगरच्या एका धर्मादाय दवाखान्यात मुलींना तपासणीचं काम शिकवायचे, तिथं लागले, आणि शिकून झाल्यावर तिथल्याच लॅबमध्ये राहिले. तेव्हापासून वहिनी मला चिडवायला 'वन्सं' म्हणायला लागली. त्याआधी मी तिची 'पोरी' होते.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, कोपऱ्यात इनक्युबेटर, मधे दगडी ओटा. रक्त, थुंकी, लघवी तपासायची. ज्या रोग्याचा ताप हटत नाही त्याची लघवी आम्ही काचेच्या बशीत, आगरच्या जेलीवर पसरायचो, याला कल्चर लावणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यावर जंतू उगवायचे. मग ते नव्या बशीवर पसरून वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. टिकल्या आम्ही लॅबमध्येच करायचो. ऑफिसातल्या भोकं पाडायच्या यंत्रानं टिपकागदाच्या टिकल्या पाडायच्या, उकळायच्या, औषधात भिजवायच्या, वाळवायच्या. एका रात्रीत बशी जंतूंनी भरून जायची, पण जे औषध चालत असेल त्याच्या टिकलीभोवती गोल मोकळी जागा राहायची. तिला आम्ही कडं म्हणायचो. मोठं कडं म्हणजे औषध चांगलं. मला ते काम फार आवडायचं. सकाळी बशी उघडून उजेडाला धरायची, कडी मोजायची आणि कागदावर लिहून डॉक्टरीणबाईंना द्यायचं. त्या तो कागद बघून औषध लिहायच्या आणि चार दिवसांत माणूस उठून घरी जायचा.

मग दुष्काळ पडला. त्याआधीची दोन वर्षंही धड नव्हती, पण त्या वर्षी काहीच उगवलं नाही. विहिरीच्या तळाचा खडक दिसायला लागला. दादानं बैल सरकारी चारा-छावणीवर नेले आणि तो तिथंच राहायला गेला; घरी वहिनी आणि त्यांची मुलगी राहिल्या. वहिनी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर रोजानं जायला लागली. गावापासून दीड कोसावर. आमच्या आळीतल्या सगळ्याच बायका जायच्या. माती उपसायची, घमेल्यानं बांधावर टाकायची. दुपारी सरकारची सुकडी, भाजलेलं गोड पीठ, मिळायची. घरी रेशनवरच्या मिलोच्या, परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी. वहिनी म्हणायची, "जनावराला घातली तर जनावर बी इचारील, हे काय हाय."

मी महिन्यातून एकदा एसटीनं घरी जायचे. एका रविवारी गेले तर ती अंथरुणावर पाय पोटाशी घेऊन पडलेली. तिला दिवसा पडलेली मी पहिल्यांदा बघितली. म्हटलं, "काय होतंय?"

"उन्हाळी लागलीय."

"कधीपासून?"

"जाती नि येती. आठ-पंधरा दिस झाले."

मी म्हटलं, "पाणी कमी पितेस तू."

ती उठून बसली. "पानी पिलं की लागती. लागली की जायाचं कुठं? माळावर तिनशे मानूस. बाभळी सगळ्या तोडून जनावराला घातल्या. आडोसा म्हनून बोटभर न्हाई. मुकादम तिथंच टेकाडावर बसलेला. तू बसशील का?"

मी पिशवी खाली ठेवून तिच्या अंथरुणाशी बसले.

"आमी समद्या सकाळी अंधारात जाऊन येतो. मग घरी आल्यावर. मधी न्हाई. म्हनून पानीच पेत न्हाई. पिंपाचं पानी तसं बी गरम असतंय."

कामावरच्या सगळ्या बायकांचं हेच होतं. दिवसभर उन्हात माती वाहायची आणि पाणी प्यायचं नाही. मला लॅबमध्ये शिकवलं होतं की अशानं लघवी साठून राहते, जंतू वाढतात. मला सगळं माहीत होतं. तिची लघवी बाटलीत घेऊन नगरला न्यायला हवी होती. पण सोमवारी तिला हजेरी होती आणि मला ड्यूटी. माझ्या पिशवीत सल्फाच्या आठ गोळ्या होत्या. वॉर्डात रोगी बरा होऊन गेला की उरलेल्या गोळ्या परिचारिका आम्हाला द्यायच्या, घरी लागतील म्हणून. मी त्या वहिनीला दिल्या. म्हटलं, "दोन सकाळी, दोन संध्याकाळी."

पुढच्या महिन्यात तिनं मला वेशीपाशीच गाठलं. तिच्याबरोबर आळीतलीच एक बाई होती, कामावर तिच्या जोडीनं माती उचलणारी, वयानं तिच्याएवढीच. ती बाई म्हणाली, "ताई, तुमच्या गोळीनं लई बरं वाटलं बगा."

मी वहिनीकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, "तू तिला गोळ्या दिल्यास?"

"दोन दिल्या. दोन अजून एकीला."

"आणि तू?"

"मला चारात उतार पडला. मग कशाला खायाच्या उगं?"

मी तिला रागावले. औषध पुरतं घ्यायचं असतं, अर्धवट घेतलं तर जंतू पुरते मरत नाहीत, जे उरतात ते चिवट असतात, पुन्हा त्याच गोळीला दाद देत नाहीत. हे सगळं मी तिला सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ती घमेलं टाकून बांधाच्या आड बसून रडत हुती. माझ्या कनवटीला गोळ्या हुत्या. मी काय म्हनू तिला?"

आणखी एक गोष्ट होती, ती मला नंतर कळली. 'माझी नणंद नगरच्या मोठ्या दवाखान्यात हाय' असं ती कामावर सगळ्यांना सांगायची. गोळ्या वाटताना तिची मान आणखी ताठ होत असणार. मला शिकवल्याचं तिच्या पदरात पडलेलं ते एवढंच होतं.

म्हणून मी पुन्हा गोळ्या नेल्या. हे मला लिहायलाच हवं. मला सगळं कळत होतं, तरी मी नेल्या. सल्फानं उतार पडेनासा झाला तेव्हा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नेल्या, सहा-सात. औषध कंपन्यांची माणसं नमुने ठेवून जायची, त्यातल्या. मग एकदा ॲम्पिसिलिनच्या, त्या तेव्हा नव्या होत्या. दर वेळी मी तिला बजावायचे, कुणाला देऊ नकोस. दर वेळी ती "व्हय" म्हणायची. दर वेळी दोन-चार दिवस तिला बरं वाटायचं. तिची लघवी मी एकदाही तपासली नाही. दुसऱ्यांच्या वीस-वीस बाटल्या रोज तपासत होते.

शिमग्याच्या सुमारास दादा तिला आमच्या दवाखान्यात घेऊन आला. मालट्रकमध्ये मागं चाऱ्याच्या पेंढ्यांवर झोपवून आणली होती. अंगात थंडी भरून ताप, पाठीत कुशीला कळ, उलट्या. डॉक्टरीणबाईंनी कुशीवर नुसता हात ठेवला तर ती ओरडली. बाई म्हणाल्या, "जंतू वर मूत्रपिंडात गेलेत." त्या पन्नाशीच्या होत्या, मूळ कोकणातल्या, कमी बोलायच्या. त्यांनी केसपेपर पुढं ओढला आणि मला विचारलं, "आधी काय काय औषधं झाली?"

मी सांगितली.

"किती दिवस?"

"कधी दोन, कधी तीन."

"कुणी दिली?"

"मी."

त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी औषधांची नावं लिहिली, दिवस लिहिले, आणि तिसरं काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "लघवी घे आणि लाव कल्चर."

वाट बघायचे दोन दिवस बाईंनी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं दिली. ताप उतरला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इनक्युबेटर उघडला. दोन बश्या होत्या. एक वहिनीची, एक केडगावच्या एका म्हाताऱ्याची. म्हाताऱ्याच्या बशीत सगळ्या टिकल्यांभोवती छान मोकळी कडी होती. वहिनीच्या बशीत सात टिकल्या होत्या आणि सहांभोवती जंतू अगदी कडेला येऊन भिडले होते. एका टिकलीवर तर थोडे चढलेही होते. सातवी कॅनामायसिनची. तिच्याभोवती हरभऱ्याच्या डाळीएवढी फट होती.

मला वाटलं, माझ्या टिकल्या जुन्या झाल्या असतील. पण त्याच टिकल्या म्हाताऱ्याच्या बशीत चालल्या होत्या. तरी मी नव्या केल्या आणि पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

बाईंनी बशी उजेडाला धरून बराच वेळ बघितली. "मी असं अलीकडे बघायला लागलेय," त्या म्हणाल्या. "एका औषधाला दाद न देणारे पूर्वीही असायचे. आता पाच-पाच, सहा-सहा औषधांना. आणि हे जंतू एकमेकांना शिकवतात म्हणे. एकाला जे जमलं ते शेजारच्याला देतात." मग म्हणाल्या, "कॅनामायसिन देऊ. पण ते कानाला घातक. मूत्रपिंडं चांगली असतील तर बाहेर पडून जातं. हिची आधीच थकलीत. औषध अंगात साचेल. कान जाऊ शकतात."

दादा व्हरांड्यात उकिडवा बसला होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." त्यानं बाईंच्या पायांकडे बघून सांगितलं, तोंडाकडे नाही.

वहिनीला सांगायचं माझ्यावर आलं. मी बशीला चिकटपट्टी लावून ती तिच्या कॉटपाशी नेली. ही काय भानगड आहे हे तिनं मला कित्येकदा विचारलं होतं. मी दाखवलं. "हे गुलाबी दिसतंय ते जंतू. या टिकल्या म्हणजे औषधं. जिथं मोकळं गोल दिसेल ते औषध चालतं."

तिनं बशी हातात घेतली. "हे बांगडीवानी गोल दिसाया पायजे?"

"हो. पण तुझ्यात एवढंच आहे. हे बघ."

तिनं ती फट बोटानं शोधली. "हे का? एवढूसं?"

"तेच औषध द्यायचंय. पण त्यानं कान जाऊ शकतात, वहिनी."

ती तापानं लाल झाली होती, तरी हसली. "भाकरी थापाया कान लागत्यात व्हय?" मग तिनं विचारलं, "समदं जातील का थोडं?"

"थोडं," मी म्हटलं. मला माहीत नव्हतं.

इंजेक्शन सुरू झालं. चौथ्या दिवशी ताप उतरला. तिनं पेज मागितली. दादा छावणीवर परत गेला. मी दुपारच्या सुट्टीत तिच्यापाशी बसून तिचे केस विंचरायचे आणि ती शेजारच्या कॉटवरच्या बाईला माझं कौतुक सांगायची. आठवडाभर बरं चाललं होतं. मग एका सकाळी ती म्हणाली, "कानात भुंगा शिरल्यावानी वाटतंय." बाईंनी इंजेक्शन बंद केलं. पण भुंगा थांबला नाही, आणि पुढच्या दोन आठवड्यांत तिला ऐकू येणं कमी होत होत बंद झालं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी मागून हाक मारली तर तिनं वळून बघितलं नाही. पुढून मारली तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी खिशातून कागद काढला, पेन्सिल काढली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'घाबरू नकोस, येईल हळूहळू.' कागद तिच्यापुढं धरला. तिनं कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला समजलं मी काय केलं. मला शाळेत घातलं तिनं, आणि तिला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. मी तो कागद चुरगाळून खिशात घातला. ती म्हणाली, "काय लिव्हलंस?" फार मोठ्यानं म्हणाली, कारण आपला आवाज तिला कळत नव्हता. सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला.

ती घरी गेली. दादा छावणी सोडून घरी राहायला आला. मुलगी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. तिनं आईशी खुणांनी बोलायला शिकून घेतलं. पाणी, भाकर, कोण आलं, एवढं जमायचं. वहिनी आता कमी बोलायची. तिच्या फटकळपणात समोरच्याचं उत्तर ऐकण्याची मजा होती, ती राहिली नाही. शेजारणी येऊन बसायच्या, थोडा वेळ हसायच्या आणि उठायच्या. एकदा मी गेले तर ती दारात बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती. मला म्हणाली, "समदे माझ्यावरच बोलत असल्यावानी वाटतंय."

दीड महिन्यानं थंडी-ताप परत आला.

या वेळी एसटीनं आणली. माळीवाड्याच्या स्टँडवरून दवाखान्यापर्यंत दादानं तिला जवळजवळ उचलून आणलं. तोंड सुजलं होतं. दिवसभरात लघवी अर्धा पेला होत होती, गढूळ. मी तीच घेतली. कल्चर लावलं. आता टिकल्या आठ होत्या, बाईंनी पुण्याहून एक नवीन औषध मागवलं होतं, त्याचीही होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इनक्युबेटरचं दार उघडलं. बशी काढून खिडकीपाशी नेली. तिथं उभी राहिले. बाई आत आल्या, त्यांनी माझ्या हातातून बशी घेतली, बघितली आणि परत माझ्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "मुंबईत एक इंजेक्शन आलंय असं ऐकते. मिळालं तरी तेही मूत्रपिंडातूनच जाणार. तिची मूत्रपिंडं आता काम करत नाहीत." मी विचारलं, "मग?" त्या खुर्चीवर बसल्या. एवढ्या वर्षांत लॅबमध्ये त्या कधी बसल्या नव्हत्या. "तिला घरी राहावंसं वाटत असेल तर ने," त्या म्हणाल्या.

मी वॉर्डात गेले. वहिनी जागी होती. तिनं हात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाली, "प्लेट आन."

मी नाही म्हणून मान हलवली.

"आन म्हनते ना."

तिला मी काय सांगणार होते, आणि कसं. मी बशीला चिकटपट्टी लावून आणली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, डोळ्यांजवळ नेली. एका एका टिकलीवर बोट ठेवत ती फिरत गेली. आठही झाल्या. मग पुन्हा पहिलीपासून.

"एक बी न्हाई," ती म्हणाली.

बशी तिनं मला परत दिली, पदर सारखा केला आणि दादाकडे बघून म्हणाली, "घरला न्या मला."

दादानं मला विचारलं, पुण्याला न्यावं का. मी बाईंचं बोलणं सांगितलं. तो व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. मग तंबाखूची पिशवी काढली, पुन्हा आत ठेवली आणि गाडीची वेळ विचारली.

घरी ती पाच दिवस होती. मी रजा काढून गेले होते. तिसऱ्या दिवसापासून लघवी बंद झाली. उचकी लागायची ती थांबायची नाही. मधेच शुद्धीत यायची, मला ओळखायची, पोरीचे केस चाचपायची. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "तू रडू नको. तू काय मुद्दाम दिलं का?" तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ते आपलं आपण जुळवलं होतं. मी तिचा हात धरून नाही म्हणत राहिले, मान हलवत राहिले. त्या नाहीचा तिनं काय अर्थ घेतला, मला सांगता यायचं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गावात पाण्याचा टँकर आला. हॉर्न वाजला की सगळी आळी हंडे-कळश्या घेऊन पळायची. दादा आणि पोरगीही गेली, जावंच लागायचं, पुढचा टँकर चार दिवसांनी. घरात आम्ही दोघीच राहिलो. बाहेर भांड्यांचा, भांडणाचा आवाज येत होता. ती भिंतीकडे तोंड करून होती. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आला नाही. मी वाट बघत बसले. दादा खांद्यावर हंडा घेऊन आत आला, त्यानं माझ्याकडे बघितलं, हंडा हळू खाली ठेवला, पाणी सांडू दिलं नाही.

दहाव्याच्या दिवशी सगळे गेल्यावर दादा मला म्हणाला, "तुला एक इचारू? उन्हाळीनं मानूस मरतं व्हय?"

मी म्हटलं, "मरतं, दादा."

"मग आधी कोन मेल्यालं कसं ऐकलं न्हाई?"

मी त्याला सगळं सांगितलं. गोळ्यांचं, मी आणल्याचं, अर्ध्या घेतल्याचं, वाटल्याचं. जंतू कसे चिवट होत गेले ते. तो ऐकत होता. मला वाटलं आता हा मला बोलेल, आणि त्यानं बोलावं असं मला फार वाटत होतं. तो म्हणाला, "तुला काय ठावं असनार." मला ठाऊक होतं, हेही मी त्याला सांगितलं होतं. त्याच्या डोक्यात ते शिरलं नाही, किंवा त्यानं शिरू दिलं नाही.

निघायच्या दिवशी ती बाई आली, वहिनीच्या जोडीनं माती उचलायची ती. मला आतल्या खोलीत नेलं. डोळे पुसले, वहिनीच्या दोन आठवणी सांगितल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, त्या कॅपसुली आनल्यात का? मला लई आग व्हतीया."

मी म्हटलं, "नाही. आणि आता देणार नाही. तू नगरला ये, मी तपासते, डॉक्टर बघतील."

"हजेरी बुडती."

"एक दिवस बुडू दे. तिचं काय झालं बघितलंस ना?"

"तिचं कान गेल्तं," ती बाई म्हणाली. "तिला लई मोठं दुखनं हुतं. माझी साधी उन्हाळी हाय."

मी तिला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती मान हलवत होती. ती नगरला आली नाही. पुढच्या खेपेला गेले तेव्हा कळलं की मी गोळ्या देत नाही म्हणून आळीतल्या बायका नाराज आहेत. नगरला गेली नि मानसं इसरली, असं म्हणतात. पण त्यांची अडचण झाली नव्हती. आठवड्याच्या बाजारात एक कंपाउंडर पेटी घेऊन बसायला लागला होता. त्याच्याकडे सगळ्या कॅप्सूल सुट्या मिळायच्या, दोन हव्या तर दोन.

पाऊस पडला, कामं बंद झाली, बैल परत आले. मी लॅबमध्ये होते तशीच राहिले. सकाळी बश्या काढायच्या, उजेडाला धरायच्या. कडी नसलेली बशी आली की पूर्वी मी बाईंना बोलवायचे, आता बोलवत नव्हते. कागदावर लिहून पाठवून द्यायचे. बाईंनी एकदा तालुक्याच्या दवाखान्यांना पत्र पाठवलं, औषध पुरतं द्या म्हणून. त्याचं उत्तर आलेलं माझ्या पाहण्यात नाही.

दिवाळीला गेले तेव्हा भाचीनं मला परसात बोलावलं. आता ती उंच व्हायला लागली होती. विहिरीला पाणी होतं, ती धुणं धूत होती. हात थांबवून म्हणाली, "आत्या, मला बी उन्हाळी लागल्ती."

मी म्हटलं, "कधी? मला का नाही कळवलंस?"

"गेल्या म्हयन्यात. बानं बाजारातनं दोन कॅपसुली आनल्या. एक खाल्ली का लगीच बरं वाटलं."

"आणि दुसरी?"

"ठिवलीय. पुन्यांदा लागली तर."

मी ती मागितली. तिनं फळीवरच्या डब्यातून कागदाची पुडी आणून दिली. मी पुडी घेतली, घट्ट मुठीत धरली आणि तिला सगळं समजावून सांगायला लागले. ती ऐकत होती, व्हय व्हय म्हणत होती, आणि मधेमधे पिळलेलं लुगडं झटकून दोरीवर टाकत होती.